येमूलची बोटं, माझी पेन्सिल

राजेशम येमूलचा प्रत्येक चेंडू मी लिहिलाय.
म्हणजे पार्क मैदानावरचे सगळे,
बाहेरगावचे एसटीनं गाठता आले तेवढे.
धाव नाही, तर टिंब.
सलग सहा टिंबं पडली की ती जोडून एम काढायचा,
शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून.

डावखुरा. मंद.
कप्तान म्हणायचा, हा चेंडू टाकत नाही,
उधारी मागायला पाठवतो.
जातो, दारात थांबतो, फलंदाजाला ओशाळं करतो.

पकड त्याला कुठल्या कोचनं शिकवली नव्हती.
विडी घरकुलात आई मांडीवर सूप घेऊन बसायची,
तर्जनी, मधलं बोट,
पान वळायचं, दोरा बसायचा,
दिवसाला हजार.
तिचा उजवा हात, याचा डावा;
समोर बसून शिकला, आरशातल्यासारखा.
कुणी फिरकीचं गुपित विचारलं की म्हणायचा, तंबाखू.
पेपरात छापून आलं, खेळाडूला व्यसन.
आई आठवडाभर बोलली नाही.

रणजीचे एकोणतीस सामने, एकशे सात बळी.
भारताच्या संघात नाव येणार, येणार,
म्हणून अशोक चौकात दोनदा पेढे आणले,
दोन्ही वेळा ते कुणाच्यातरी बारशात खपले.
मग दोन मोसम विलायतेतल्या एका खेड्यात
क्लबचा पगारी खेळाडू.
पत्र आलं: इथला उन्हाळा आपल्या जानेवारीत मावेल.
थंडीत याच मैदानावर फुटबॉल असतो,
मी चुन्याच्या रेघा मारायला जातो.
हे शेवटचं वाक्य
मी तेव्हा नीट वाचलं नाही.

मग बोट.
गोष्ट लहान आहे. स्वतःच्याच गोलंदाजीवर
सरळ परत आलेला झेल;
मी लिहायला पेन्सिल टेकवलीसुद्धा,
आणि चेंडू गवतात,
मधलं बोट भलतीकडेच बघतंय.
वहीत त्या चेंडूसमोर एक धाव आहे.
फलंदाज पळाले होते.
मी काय करणार?

आता संध्याकाळी साडेपाचला,
पारा त्रेचाळीसवरून जरा उतरला की,
घरकुलाच्या मागं, मुरमावर,
बावीस पोरं, त्यात सात पोरी, निम्मी अनवाणी.
गोलाचे खांब भंगारातल्या मागाचे.
जाळीच्या जागी कारखान्यानं टाकून दिलेली डागी चादर.
चेंडू बसला की चादर फुगते, धूळ उडते,
विणीतले मोर एकदम अंगावर येतात.

"हात मागं!" तो ओरडतो.
बचावातली पोरं हात पाठीशी बांधून पळतात.
तोही कडेनं तसाच चालतो,
वाकडं बोट उजव्या मुठीत धरून.

एकदा मी बोललोच.
ज्या हातानं तुला भाकरी दिली,
त्याच हाताला इथं फाऊल, येमूल?
तो बराच वेळ मैदानाकडं बघत राहिला.
"इथं माझा हात कुणी बघत नाही बे."

वही मी नेतो. सवय.
दोन्ही संघांची नावं लिहिली की काम संपतं.
पुढचा तास पेन्सिल नुसती हवेत.
"काय लिहिलालास बे?"
काहीच होत नाहीये की रे.
"मग बघ की."

काल सिरिशा कोंडा, घरकुलातली,
कोपऱ्यातून मारायला उभी राहिली.
पाय आडवा लावला तिनं, पुसल्यासारखा.
चेंडू बाहेर निघाला, सगळ्यांना वाटलं गेला,
आणि हवेत त्याला काहीतरी आठवलं.
तो वळला.
ते वळण मी ओळखतो, वीस वर्षं लिहिलंय.
शेजारी येमूलचा हात पाठीमागून सुटला होता,
दोन बोटं, एक सरळ, एक वाकडं,
हवेत पान वळत होती.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.
फुटबॉलात याची नोंद कुठंच होत नाही.
मी एक टिंब काढलं.